अकरा मिनिटं

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये रात्रपाळीला
मी, इस्माईलभाई फिटर,
आणि ती नळी:
पेन्सिलीहून बारीक, बावीस मीटर लांब,
जिलबीसारखी गुंडाळून गरम तेलात बुडवलेली.

एका टोकाला पंप टकटकतो.
त्याच्या टाकीत काळं पाणी.
डभोईकडच्या कपाशीच्या सांठ्या
क्षारात शिजवल्यावर उरतं ते.
कागदवाले ते जाळून मोकळे होतात.
झाडाला उभं ठेवणारं जे काही होतं
ते सगळं त्यात आहे,
आता आडवं झालेलं.

"लिग्निन," मी बाबांना म्हटलं होतं.
"म्हणजे झाडाची खळच की," ते म्हणाले,
आणि पेपर उलटला.
चाळीस वर्षं दांडिया बाजारात पुस्तकं बांधली त्यांनी.
मैद्याची खळ, तिच्यात चिमूटभर मोरचूद,
कसर लागू नये म्हणून.
नखांखाली निळसर रेघ, अंघोळीनेही न जाणारी.
माझ्या नळीत भरलंय तेही तांबंच.
त्यांचं चिकटवण्याच्या बाजूचं, माझं सोडवण्याच्या.

पहिल्या वर्षी आम्ही हे भांड्यात करायचो.
पोलादी भांडं, झाकणाला बारा बोल्ट.
तुटायचं नाही असं नाही, तुटायचं.
पण तुटलेले तुकडे आतच राहायचे,
करायला काही नाही,
आणि तासाभरात पुन्हा एकमेकांना धरायचे,
पहिल्यापेक्षा घट्ट,
पहिल्यापेक्षा वेड्यावाकड्या जागी.
झाकण काढलं की तळाशी डांबर.
मी ते छिन्नीने खरवडायचे, आणि कधीकधी
त्यांची बाजू मला पटायची.

नळीत ती मुभा नाही.
अकरा मिनिटं. मागचं पुढच्याला ढकलतं,
तांब्यावरून जातं, तुटतं,
आणि तुटल्या तुटल्या पुढे;
शेजारी कोण होतं ते वळून पाहायचं नाही.
मग थंड पाण्याचा वळसा, मग झडप,
मग बाटली.

तीनच्या सुमारास दाब चढला.
वीस. सव्वीस.
चौतीस.
म्हणजे आत कुठेतरी कोणीतरी थांबलंय.
पंप बंद. तेल निवेपर्यंत दोन चहा.
इस्माईलभाई पान्याने सांध्यासांध्यावर टिचकी मारत गेले,
कलिंगड घेताना मारतात तशी,
आणि सतराव्या वेटोळ्यापाशी थांबले.
कापल्यावर निघाला
तुरीच्या डाळीएवढा काळा खडा.
मी त्याला शिवी दिली.
ते म्हणाले, "त्याचा काय वांक, बेन?
सांध्यात खाच होती. बसायला जागा मिळाली, बसला."
आणि कानस घेऊन खाच घासत राहिले
उजाडेपर्यंत.

साडेसातला पुन्हा थेंब.
शंभर ग्रॅमला गेल्या वर्षी पाच मिळत होते,
आता सहा. बाकीचं अजून काळंच,
आणि अहवालात तो आकडा मी
आधी लिहिते, मग सहा.

पण त्या सहाचा वास!
आइस्क्रीमवाल्याला विचाराल तर तो व्हॅनिला म्हणेल.
मला तो जुन्या पुस्तकाचा वाटतो,
शिवण उसवून दुरुस्तीला आलेल्या,
पिवळ्या पानांच्या.
कागदात उरलेलं लिग्निन
साठ वर्षं, कोणी न ढकलता, सावकाश तुटत असतं;
बाबांच्या दुकानात आम्ही तोच वास
फुकट घेत होतो.

म्हणून एक कुपी घरी नेली.
विसरले होते की ताप येऊन गेल्यापासून
त्यांना वासच येत नाही.
चहा उतू गेला तरी कळत नाही.
त्यांनी कुपी उजेडात धरली,
बूच काढून एक तपकिरी थेंब बोटावर घेतला,
अंगठ्याने चोळला,
बोटं हळूच लांब केली,
मधली तार बघितली.

"अजून चिकटतंय," म्हणाले.